तोंडातील चट्टा आणि अहवालातील शेवटची ओळ

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत पाहुण्यापुढे पाण्याच्या तांब्याबरोबरच खर्राही येतो. सुपारी, तंबाखू व चुना पन्नीत घोटून केलेला हा पदार्थ धानाच्या रोवणीत, तेंदूपत्त्याच्या फळीवर आणि लग्नाच्या मांडवात सारखाच चालतो. पुढे गालाच्या आत पांढरा चट्टा दिसतो, तिखट सोसत नाही, तोंड पुरते उघडत नाही. मग जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा नागपूरला तुकडा काढून तपासतात आणि इंग्रजी अहवाल हाती येतो. तो वाचून घ्यायला माणसे आमच्यासारख्या बँकेतील बाबूकडे येतात.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. एका खातेदाराचा अहवाल आम्ही असाच वाचला. शेवटच्या ओळीत कर्करोग आढळला नाही असे होते. "काही नाही भाऊ, निश्चिंत राहा," असे आम्ही सांगून टाकले. वरच्या ओळीतील 'डिस्प्लेसिया' हा शब्द कळला नाही, म्हणून सोडून दिला. भाऊंचा खर्रा चालू राहिला. दोन वर्षांनी ते पुन्हा आले ते उपचारासाठी मुदतठेव मोडायला. त्यानंतर आम्ही त्या शब्दाचा अर्थ समजून घेतला. तो येथे देत आहोत.

पांढरा चट्टा टोकदार दाताच्या घर्षणाने उठतो, बुरशीने उठतो, लायकेन प्लॅनस नावाच्या विकारानेही उठतो. यांपैकी कोणत्याही खात्यात जो बसत नाही त्याला ल्युकोप्लेकिया म्हणतात. आमच्या भाषेत हे सस्पेन्स खाते! लाल मखमली चट्टा दुखत नाही म्हणून लोक दुर्लक्ष करतात, पण तो पांढऱ्यापेक्षा अधिक धोक्याचा असतो. नुसत्या डोळ्यांनी यांचा निवाडा होत नाही. म्हणून तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मेणात बसवतात आणि मिलिमीटरच्या हजारांश भागात मोजावे लागणारे पातळ काप काढतात. हिमॅटॉक्सिलिनने पेशीकेंद्रे निळी-जांभळी होतात, इओसिनने उरलेला भाग गुलाबी.

निरोगी अस्तरात नव्या पेशी तळाच्या थरात जन्मतात आणि वर सरकताना चपट्या होतात. दोरी लावून रोवलेल्या पऱ्ह्यांसारखी त्यांची शिस्त असते. तळाशी एक बारीक पडदा असतो, तो बांधीचा धुरा समजा. डिस्प्लेसियात ही शिस्त मोडते. केंद्रे मोठी, गडद व लहानमोठी दिसतात, आणि तळाशीच व्हायचे पेशीविभाजन वरच्या थरांतही होऊ लागते. बिघाड खालच्या तिसऱ्या हिश्शात असला तर सौम्य, मधल्यापर्यंत गेला तर मध्यम, त्याच्याही वर चढला तर तीव्र. पेशींनी धुरा फोडून खाली शिरकाव केला की तो पसरणारा कर्करोग. म्हणजे 'कर्करोग आढळला नाही' याचा अर्थ एवढाच की, काढलेल्या तुकड्यात धुरा फुटलेला नाही. शेजारच्या जागेबद्दल तो तुकडा काही बोलत नाही.

यात माणसाच्या नजरेचाही भाग आहे. एकाच काचपट्टीला एक तज्ज्ञ सौम्य म्हणतो, दुसरा मध्यम. म्हणून कमी धोका व जास्त धोका असे दोनच वर्ग करावेत, अशी सूचना २००६ साली पुढे आली.

तोंड आखडण्याचा विकार निराळा. १९५३ साली मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याचे वर्णन केले. आज त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. यात अस्तर पातळ होते आणि त्याखाली जाड, घट्ट तंतूंचे गठ्ठे साचून रक्तवाहिन्या आवळल्या जातात. मुख्य कारण सुपारी. "आम्ही तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो" असे सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुपारीच कर्करोगजनक ठरवली आहे. हे आखडलेले तोंड खर्रा सोडूनही सहसा पूर्ववत होत नाही.

चट्ट्यांचे मात्र तसे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता, डॉ. प्रकाश गुप्ता व सहकाऱ्यांनी केरळ, आंध्र व गुजरातमधील सुमारे ३६ हजार तंबाखू सेवन करणाऱ्या ग्रामस्थांना समजावण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झाले. तंबाखू सोडणाऱ्यांत नवे पांढरे चट्टे कमी उठले.

आता कोणी अहवाल आणला की आम्ही शेवटच्या ओळीपासून सुरुवात करीत नाही. वरचा सूक्ष्मदर्शकाखालील वर्णनाचा परिच्छेद आधी वाचतो, डिस्प्लेसिया शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारतो आणि डॉक्टरांनी पुन्हा कधी बोलावले आहे ते विचारतो. बहुतेकांना ती तारीख ठाऊक नसते.