केतकरांची लिमिटेड कंपनी

ज्ञानकोश काढायचा म्हणून कुणी लिमिटेड कंपनी नोंदवतं का? श्रीधर व्यंकटेश केतकरांनी नोंदवली. साल १९१६, गाव नागपूर. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. घेऊन आलेला, हिंदुस्थानातल्या जातिसंस्थेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिलेला हा विद्वान. त्याने भाग विकले, वर्गणीदार गोळा केले आणि त्या जोरावर ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ उभा करायला घेतला. पुढे सगळं बिऱ्हाड पुण्याला हललं. एकूण खंड निघाले तेवीस, तेही १९२०च्या दशकातच. या खटाटोपाची हकिकत केतकरांनी नंतर स्वतःच लिहिली. पुस्तकाचं नाव ‘माझें बारा वर्षांचें काम’.

आता गंमत पाहा. कोश म्हटला की वर्गणीदार अकारविल्हे नोंदींची वाट पाहणार. केतकरांनी त्याच्या हाती आधी पाच प्रस्तावनाखंड ठेवले: हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानेतिहास. ‘अ’ उगवतो तो थेट सहाव्या खंडात! संदर्भग्रंथाची ही काही सोय नव्हे. पण केतकर मुळात समाजशास्त्रज्ञ. सुट्या माहितीचं गाठोडं वाचकाच्या हवाली करण्याआधी, जगाच्या इतिहासात आपण कुठे बसतो हे त्याला कळलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. मला तरी कोशाचा खरा जीव या पाच खंडांतच दिसतो. नोंदींचं काम दुसऱ्या कुणी केलंही असतं. ही मांडणी केतकरांचीच.

म्हणून नोंदी रुक्ष आहेत असं मात्र नाही. एखाद्या तालुक्याची नोंद काढावी: चौरस मैलांत क्षेत्रफळ, जुन्या खानेसुमारीची लोकसंख्या आणि ‘मध्यें’, ‘त्यांनीं’ अशा डोक्यावर अनुस्वार मिरवणाऱ्या मराठीत गावाचा इतिहास. आकडे कधीच शिळे झाले. पण शंभर वर्षांपूर्वी तिथे काय होतं हे पाहायचं असेल, तर तेच कामाला येतात.

घरातही विद्येचाच संसार. पत्नी इडिथ कोन, जर्मन ज्यू. लग्नानंतर शीलवती केतकर. विंटरनिट्झच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचं जर्मनमधून इंग्रजी भाषांतर त्यांनी केलं आणि अभ्यासक अजून ते वापरतात. केतकर १९३७ साली पुण्यात वारले.

केतकरांच्या ज्ञानकोशामागे होती ती खासगी कंपनी; तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत उभारलेल्या मराठी विश्वकोशामागे राज्य सरकार होतं. त्याचा पहिला खंड १९७६ साली आला, विसावा २०१५ साली. व्याप मोठा, विषय तज्ज्ञांकडे सोपवलेले; त्यामुळे दोन्ही कोशांची शर्यत लावणं बरोबर नाही. केतकरांच्या कंपनीतून माणसंही घडली, हे मात्र विसरलं जातं. ज्ञानकोशात उमेदवारी केलेल्या य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी १९३२ पासून ‘महाराष्ट्र शब्दकोश’ काढायला सुरुवात केली. एखादा जुना मराठी शब्द अडला, की आजही लोक दाते-कर्वेच उघडतात.