वटलेली हुंडी

दिवाळीच्या आधी जुन्या पेढीचा माळा आवरायला काढला की लाल बासनांतल्या वह्यांबरोबर काही लांबट, घडी पडलेले कागद खाली येतात. वर 'श्री', खाली मोडीतल्या किंवा महाजनीतल्या दाट ओळी, कोपऱ्यात मुद्रांक. बहुतेक घरांत हे कागद वह्यांसकट रद्दीत जातात. जालन्यात तसे होऊ नये असे मला मनापासून वाटते, कारण 'जालना सोने का पालना' ही म्हण या कागदांवर उभी आहे. ते कागद म्हणजे हुंड्या.

एका गावच्या सावकाराने दुसऱ्या गावच्या आपल्या आडत्याला लिहावे, अमक्याने रक्कम येथे भरली आहे, ती तिथे द्यावी. कापूस मुंबईला जायचा, पण थैल्या घेऊन कोणी जायचे नाही. दाखवताच पैसे मिळणारी ती दर्शनी, ठरलेल्या दिवसांनी मिळणारी ती मुदती. शहाजोग हुंडीचे पैसे कोणाही ऐऱ्यागैऱ्याला मिळत नसत, बाजारात पत असलेल्या शहामार्फतच मिळत. जोखमी हुंडी तर निम्मा विमाच होता: माल सुखरूप पोचला तर पैसे. हुंडी हरवली तर पेठ म्हणजे तिची दुसरी प्रत, पेठही हरवली तर परपेठ म्हणजे तिसरी.

एक हुंडी उजेडात धरून पाहा. रक्कम आकड्यात आहे, अक्षरात आहे, आणि तिसऱ्यांदा तिचे निमे लिहून 'त्याचे दुप्पट' असेही म्हटले आहे. हजाराची हुंडी असेल तर पाचशेचे दुप्पट. एवढा खटाटोप का? महाजनी लिपीत काना-मात्रा जवळजवळ नसतात. 'काकाजी अजमेर गये' हे 'काकाजी आज मर गये' असे वाचले गेल्याची गोष्ट व्यापाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. शिवाय एक शून्य वाढवायला कितीसा वेळ लागतो? निमे लिहिले की लबाडाला तीन ठिकाणी हात घालावा लागे.

जालन्याच्या हुंडीत आणखी एक शब्द शोधायचा: रुपया कोणता? जालना निजामाच्या राज्यात, तिथे हाली सिक्का चाले; मुंबईत ब्रिटिशांचा कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा पुढे 1950 साली ठरलेला सरकारी भाव. त्याआधी हा फरक हुंडणावळीत, म्हणजे हुंडीवरच्या आकारणीत, मिसळे. 1900 साली मनमाड–सिकंदराबाद रेल्वे जालन्यावरून धावू लागली आणि मुंबईचा बाजार जवळ आला, तरी दोन रुपयांचा हिशेब राहिलाच. हाली नाणे पूर्णपणे बंद झाले ते 1959 साली. म्हणून मोंढ्यातली हुंडी वाचणे म्हणजे दोन राज्यांच्या सीमेवर उभे राहणे.

पैसे चुकते झाले की हुंडीचे 'खोके' होई. म्हणजे निकामी कागद, पण पेढीसाठी तोच पुरावा. जमवणाऱ्यांच्या हाती आज खोकीच जास्त येतात. ब्रिटिश हिंदुस्थानात 1881 चा चलनी दस्तऐवजांचा कायदा झाला, त्यानेही हुंडीच्या स्थानिक रूढींना हात लावला नव्हता. बाजाराचा शब्द कायद्याइतकाच भारी होता.

असे कागद जपायचे कसे, हे अमेरिकेत पाहावे: नेवाडातल्या चांदीच्या खाणींचे जुने धनादेश लोक जिवापाड जपतात. 1862 पासून तिथे धनादेशावर दोन सेंटचा कर होता. त्याची छापील खूण कागदावर तशीच राहू द्यावी, असे तिथले जाणकार मानतात. आपल्याकडे मात्र मुद्रांकाच्या हौसेपायी हुंडीचा कोपराच कापला जातो, आणि मग उरलेला कागद अर्धा मुका होतो. त्याहून मोठे नुकसान हुंडी वहीपासून तोडण्यात आहे. ती कोणी सकारली म्हणजे स्वीकारली, किती हुंडणावळ लागली, कोणत्या मालापोटी आली हे रोजकीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, सांगते. सुटी हुंडी शोभेची होते, वहीतली हुंडी बोलते.

तेव्हा यंदा माळा आवरताना कात्री लावू नका. हुंडी ज्या पानात सापडेल तिथेच राहू द्या, आणि वही बांधून ठेवण्याआधी एकदा मोडी-महाजनी वाचता येणाऱ्या माणसाला दाखवा.