वय झालं, की धूर झाला?

गटाच्या बैठकीला येताना एखादी ताई धापा टाकत बसली, की दोन वाक्यं ठरलेली असतात. "वय झालं आता." नाहीतर, "त्यांच्या घराण्यातच दमा आहे." दोन्ही वाक्यं अर्धी खरी आहेत. पण त्यावर विसंबून राहिलं की तपासणी राहून जाते आणि आजार वाढत जातो.

गावात आपण दम लागणाऱ्या सगळ्यांनाच दमा आहे म्हणतो. पण दमा वेगळा आणि सीओपीडी वेगळा. दम्याचा त्रास उठतो, बसतो, मध्ये बरं वाटतं. सीओपीडीत श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात, फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे फाटतात आणि दम वर्षागणिक वाढत जातो. हा बिडी ओढणाऱ्या पुरुषांचा आजार, असा समज होता. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं, की कधीच बिडी-सिगारेट न ओढलेल्यांनाही हा आजार मोठ्या प्रमाणात होतो. लाकूड, काटक्या, गोवऱ्या यांचा धूर हे त्याचं मोठं कारण आहे.

वय झालं म्हणजे नेमकं काय होतं?

आपली फुप्फुसं साधारण २० ते २५ वर्षांपर्यंत वाढतात. मग त्यांची ताकद दरवर्षी थोडी थोडी कमी होते. हे सगळ्यांचंच होतं. पण निरोगी बाईला साठीतही सपाट रस्त्यावर हळू चालताना दम लागत नाही.

शरीर बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. जुन्या पेशी झिजल्या की उरलेल्या पेशी एकीच्या दोन होऊन जागा भरतात. पेशीच्या आत गुणसूत्रं असतात, त्यांच्या टोकाला टेलोमिअर नावाचं संरक्षण असतं. साडीच्या पदराला दशा असतात ना, तसं समजा. दर धुण्याला दशा थोड्या झिजतात, तसं पेशी दुप्पट होताना टेलोमिअर दरवेळी थोडं आखूड होतं. फारच आखूड झालं की पेशी म्हातारी होते, तिच्यापासून नवी पेशी तयार होत नाही. टेलोमिअरवरच्या संशोधनाला २००९ साली नोबेल मिळालं. त्या तीन शास्त्रज्ञांपैकी दोघी बायका होत्या, एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरोल ग्रायडर.

धुरामुळे पेशींना रोज इजा होते. दुरुस्तीसाठी त्यांना जास्त वेळा दुप्पट व्हावं लागतं, शिवाय धूर गुणसूत्रांनाही थेट इजा करतो. म्हणून पेशी वेळेआधीच म्हाताऱ्या होतात. म्हातारी पेशी गप्पही बसत नाही. ती सूज आणणारी द्रव्यं सोडत राहते आणि शेजारच्या चांगल्या पेशींना बिघडवते. एक नासका आंबा अढी नासवतो, तसंच हे. म्हणून बाईचं वय ४५ असलं, तरी फुप्फुसाचं वय त्याहून बरंच जास्त असू शकतं.

घराण्यात असतं म्हणजे काय?

आईवडिलांकडून आपल्याला जनुकं मिळतात. एका जनुकाचं काम अल्फा-वन अँटीट्रिप्सिन नावाचं प्रथिन बनवण्याचं. हे प्रथिन फुप्फुसाची राखण करतं. आई आणि वडील दोघांकडून या जनुकाची बिघडलेली प्रत आली, तर तरुणपणीच फुप्फुसं खराब होऊ शकतात. स्वीडनमध्ये १९६३ साली हे लक्षात आलं. आपल्याकडे हा दोष फार क्वचित आढळतो. तरी ४५ वर्षांच्या आत सीओपीडी निघाला, तर डॉक्टरांना या रक्ततपासणीबद्दल जरूर विचारा.

बाकी बहुतेकांच्या बाबतीत एकच जनुक दोषी नसतं. अनेक जनुकं थोडा थोडा धोका वाढवतात. म्हणूनच एकाच चुलीपाशी बसणाऱ्या दोन जावांपैकी एकीला त्रास होतो, दुसरीला होत नाही.

पण मैत्रिणींनो, घराण्यातून फक्त जनुकं येत नाहीत, चूलही येते. आजी त्याच कोंदट स्वयंपाकघरात फुंकणीने जाळ फुंकत होती, आई तिथेच, लेकही तिथेच. गरोदरपणी आई धुरात असली तर बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो, फुप्फुसं सुरुवातीलाच कमजोर राहू शकतात. जनुकं बदलता येत नाहीत. धूर कमी करता येतो. चीनमधल्या श्वानवेइ भागात घरातल्या कोळशाच्या चुलींना धुराडी बसवली, तेव्हा पुढच्या काळात त्या घरांत सीओपीडी कमी झाल्याचं दिसलं.

आपण काय करायचं?

- स्वतःला विचारा: बरोबरीच्या बाईसोबत सपाट रस्त्यावर चालताना मी मागे पडते का? हो असेल, तर आशाताईंना सांगा आणि आरोग्य केंद्रात जा. फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री ही तपासणी कुठे होते, ते तिथे विचारा.
- खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल तर आधी टीबीची तपासणी करा. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.
- डॉक्टरांनी पंप दिला तर घ्या. पंपाची सवय लागते, हा गैरसमज आहे. तो कसा ओढायचा, ते मात्र नीट शिकून घ्या.
- सगळा स्वयंपाक गॅसवर परवडत नसेल, तर निदान जास्त वेळ शिजणारं गॅसवर करा. आंघोळीचं पाणी घराबाहेर तापवा. लाकूड वाळलेलं वापरा, चुलीला धुराडं करा, लहान लेकरांना जवळ बसवू नका.
- मिश्री भाजताना निघणारा धूरही तंबाखूचाच असतो. घरात बिडी ओढू देऊ नका. प्लॅस्टिक चुलीत टाकू नका.

गेलेली ताकद पूर्ण परत येत नाही. पण धूर थांबला की पुढची झीज मंदावते. आणि ही एकट्या बाईने करायची गोष्ट नाही. कितीतरी घरांत सिलिंडर रिकामा पडलेला असतो, कारण भरायच्या दिवशी हातात पैसे नसतात. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. सिलिंडर भरायला किंवा धुराडं बसवायला गटाच्या बचतीतून छोटं अंतर्गत कर्ज देता येईल का, ते ठरवा आणि ठराव लिहा. आणि धापा टाकणाऱ्या ताईला तपासणीला एकटी पाठवू नका, गटातली एक जण तिच्यासोबत जा.