ई-इंकच्या पडद्यावर मराठी पान

ई-इंकचे वाचनयंत्र पहिल्यांदा हाती घेतले की पडदा थोडा निस्तेज वाटतो. मोबाइलची चकाकी त्याला नसते, आणि त्याचा पांढरा रंग वर्तमानपत्राच्या कागदासारखा करडट दिसतो. पान उलटताना पडदा मध्येच काळा होऊन लुकलुकतो, तेव्हा यंत्र बिघडले की काय अशीही शंका येते.

वास्तविक ती या पडद्याची रीतच आहे. त्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीतल्या पारदर्शक द्रवात पांढरे आणि काळे कण तरंगतात आणि त्यांच्यावर परस्परविरुद्ध विद्युतभार असतो. विजेचा दाब एका दिशेने दिला की पांढरे कण वर येतात, उलटा दिला की काळे. जागेवर बसलेले कण विजेशिवाय तसेच राहतात. त्यामुळे वीज मुख्यतः पान बदलताना लागते आणि बॅटरी आठवडेच्या आठवडे टिकते. मागल्या पानाची पुसट छाया राहू नये म्हणून अधूनमधून सगळे कण हलवून घेतले जातात. लुकलुकणे ते हेच. भर उन्हात तर या पडद्यावरचे अक्षर उलट ठसठशीत होते.

अमेरिकेतल्या एमआयटीतील संशोधनातून १९९७ मध्ये ई इंक कंपनी निघाली. सोनीचे लिब्रिए हे वाचनयंत्र २००४ मध्ये आले, ॲमेझॉनचे किंडल २००७ मध्ये. मराठी पुस्तके किंडलवर अधिकृतपणे आली ती मात्र डिसेंबर २०१६ मध्ये.

देवनागरीसाठी पडद्याचा बारकावा महत्त्वाचा. इंचाला १६७ ठिपक्यांच्या जुन्या पडद्यावर लहान टंकात अनुस्वार आणि रफार एकमेकांत मिसळतात, ‘ष्ट्र’सारखे जोडाक्षर गिचमिडते. ३०० ठिपक्यांवर ही अडचण जवळजवळ संपते. खरी अडचण पुढेच सुरू होते, आणि तिचा दोष यंत्राला देता येत नाही.

ती अडचण पुस्तकांच्या फाइलींची. महाराष्ट्रापासून दूर, म्हैसूरलगतच्या बेळगोळसारख्या ठिकाणी राहणाऱ्या मराठी वाचकाला फुकटचे डिजिटल पुस्तक हा मोठाच आधार आहे. म्हैसूरच्याच भारतीय भाषा संस्थानाचे ‘भारतवाणी’ या संकेतस्थळावरची किंवा महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तके त्याला घरबसल्या मिळतात. पण अशी पुष्कळ पुस्तके पीडीएफ स्वरूपात आहेत, आणि त्यांतली कित्येक म्हणजे छापील पानांची नुसती छायाचित्रे. सहा इंची पडद्यावर ते पान आक्रसते. मोठे केले तर प्रत्येक ओळीसाठी डावीकडून उजवीकडे सरकावे लागते. या पडद्याचा संथपणा तेव्हा अगदी जिवावर येतो. ईपब या दुसऱ्या फाइलप्रकारातला मजकूर मात्र टंक वाढवला की आपोआप नव्याने जुळतो.

मग सगळीच पुस्तके ईपबमध्ये का नाहीत? जुनी मराठी पाने श्रीलिपी, आयएसएम अशा युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवलेली आहेत. तिथे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी नोंदली जाते, युनिकोडमध्ये नंतर. रूपांतर यंत्रावर सोपवले की वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटतात. मुद्रितशोधकाला पुन्हा बसवावेच लागते, आणि बरेच प्रकाशक नेमका तोच खर्च टाळतात.

कथा, कादंबरी, चरित्र अशा सलग मजकुरासाठी हे यंत्र उत्तम. दिवाळी अंकांचे मात्र तसे नाही. रंगीत ई-इंक आता मिळते, पण तिच्या प्रचलित प्रकारात रंगांचा बारकावा इंचाला १५० ठिपक्यांवरच थांबतो आणि पडद्यावरच्या रंगगाळणीमुळे मूळचा करडेपणा आणखी गडद होतो. व्यंगचित्रे आणि दोन स्तंभांची पाने वाचायला साधा टॅबलेटच बरा.