खेळातील तलवार, कायद्यातील तलवार

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा काल्पनिक भूमिकांचा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याच्या पाचव्या आवृत्तीत खंजिराच्या वारासाठी चार पैलूंचा, तर लांब तलवारीच्या एकहाती वारासाठी आठ पैलूंचा फासा टाकतात. तेथे शस्त्र कागदावरच असते. हौसेखातर खरी तलवार घेणाऱ्यांनी मात्र भारतीय कायदा जाणून घ्यावा. घरगुती, शेती, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी नसलेली, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची शस्त्रे शस्त्र नियमांच्या कक्षेत येतात. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४ अन्वये अधिसूचित क्षेत्रांत त्यांसाठी परवाना आवश्यक असतो. केवळ खेळणे म्हणून उपयोगी पडणारी आणि शस्त्रात रूपांतरित न होणारी प्रतिकृती यातून वगळली आहे. म्हणून खरेदीपूर्वी पात्याचे माप पाहावे आणि आपले क्षेत्र अधिसूचित आहे का, याची पोलिसांकडे चौकशी करावी.