आरसा कोण, माणूस कोण?

नाट्यशास्त्राच्या पहिल्या तासाला आलेल्या मुलांना हवे असतात संवाद. शाळेच्या गॅदरिंगमध्ये टाळ्या घेतलेली, पुरुषोत्तम करंडकाची स्वप्नं बघणारी ही मंडळी. सर मात्र खुर्च्या भिंतीला लावायला सांगतात, जोड्या पाडतात आणि म्हणतात, "हा हलेल, तू त्याचा आरसा. बोलायचं नाही." सगळा वर्ग फिसकन हसतो. हे काय बालवाडीतलं!

शंका अगदीच खोटी नाही. हा खेळ जगभरच्या नाट्यवर्गांत पोचवण्यात मोठा वाटा व्हायोला स्पोलिन या शिकागोच्या बाईंचा. आणि त्यांच्या गुरू नेव्हा बॉइड मुलांच्या खेळांतूनच शिकवायच्या. स्पोलिनबाईंचं उत्स्फूर्त अभिनयावरचं पुस्तक आलं 1963 साली. आपला पुरुषोत्तमही त्याच वर्षी सुरू झाला, हा निव्वळ योगायोग.

सुरुवातीला आरसा झालेल्याची धांदल बघण्यासारखी असते. समोरच्याचा हात वर गेला की याचा जरासा उशिरा जातो, तो थांबला की हा पुढे घरंगळतो, मग दचकून मागे येतो. सर ओरडतात, "हाताकडे नको, डोळ्यांत बघ!" थोड्या वेळानं भूमिका बदलतात, मग आणखी लवकर बदलतात. शेवटी हुकूम येतो, "आता पुढारी कोणीच नाही. चालू ठेवा."

तर्कानं पाहिलं तर दोघं खांबासारखे उभे राहायला हवेत. पण हात हलतात. कोणी हलवले म्हणून विचारलं, तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या लिओर नॉय, एरेझ डेकेल आणि उरी अलोन यांनी हे 2011 साली चक्क मोजलं. समोरासमोरच्या दोन रुळांवर सरकणाऱ्या मुठी आणि त्या धरायला उत्स्फूर्त सादरीकरणात मुरलेले नट आणि वादक. एकाला पुढारी नेमलं, की मागून येणाऱ्याचा हात सेकंदाला दोन-तीनदा पुढेमागे डुचमळायचा, म्हणजे वर्गातलीच ती धांदल. पुढारी काढून टाकल्यावर मात्र जमून आलेल्या क्षणी दोघांतलं अंतर 40 मिलिसेकंदांच्याही खाली! डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला साधारण 200 मिलिसेकंद लागतात. म्हणजे ही नक्कल असूच शकत नाही. नक्कल इतकी लवकर पोचतच नाही. संशोधकांच्या गणिती प्रारूपानुसार दोघंही समोरच्याला प्रतिसाद देत असतात आणि त्याच वेळी त्याच्या पुढच्या हालचालीचा अंदाजही बांधत असतात. एकमेकांवर बांधलेले असे दोन अंदाज जुळले, की कोणीच न ठरवलेली नवी हालचाल जन्माला येते. मला तर हे वाचून हातातला चहा खाली ठेवावा लागला.

नवख्यांना हे क्षणभरच साधतं. त्यातही एखादा जोडीदाराला चकवायला गेला, की सगळं मोडतं. म्हणून सर गती कमी ठेवायला लावतात.

संवाद हाती पडतात ते त्यानंतर. एरवी नवा नट समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघत असतो, ऐकत नसतोच. या खेळानंतर तोच प्रवेश वाचायला दिला, तर एखादी मुलगी जोडीदाराच्या श्वासावरच ओळखते की तो आज मध्येच थांबणार आहे, आणि आपलं वाक्य तेवढं रोखून धरते. याला परीक्षेत गुण किती द्यायचे, हा सरांचा वेगळा वैताग.