पुडी आठवड्याची की रोजची?

२०२४च्या जानेवारीत उरणपर्यंत लोकल सुरू झाली आणि आम्ही द्रोणागिरीला घर घेतलं. पुढच्या वर्षी सासूबाई गावाहून कायमच्या आमच्याकडे आल्या. गावी त्यांचं निवडणं-टिपणं, वाळवणं सारं अंगणात. इथे सातवा मजला आणि बंद खिडकीतून येणारं ऊन. मैत्रिणींनो, ते ऊन नुसतं उबेचं! ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते. त्यातून वय झालं की कातडीही ते कमी बनवते.

हळूहळू आमटीत मीठ दोनदा पडू लागलं. तपासणीत ‘ड’ फारच कमी निघालं. डॉक्टरांनी ६०,००० युनिटांची पुडी दिली, आठवड्यातून एकदा, दुधातून. शेजारच्या काकू म्हणाल्या, “ह्यानं स्मरणशक्ती येते हो.” मला शाळेची घाई, मी पाकीट सासूबाईंच्याच हाती दिलं. लवकर गुण यावा म्हणून त्या रोज घेत राहिल्या. संपल्या की दुकानातून आणवायच्या.

दीड महिन्यात भूक गेली, तहान वाढली, पोट साफ होईना. एके सकाळी मला “वन्सं” म्हणून हाक मारली, तेव्हा माझे हातपाय गळाले. रक्तातलं कॅल्शियम भलतंच चढलं होतं. त्यानंही माणूस भ्रमल्यासारखं होतं! पुड्या बंद, चार दिवस सलाइन. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, म्हणून पुरतं उतरायला आणखी कित्येक आठवडे गेले.

चूक माझीच. पण काकूंचं म्हणणं तरी खरं होतं का? विसराळू म्हाताऱ्या माणसांत ‘ड’ कमी आढळतं, हे खरं. पण जी घराबाहेरच पडत नाही, तिचं ते कमी असणारच. अमेरिकेत पासष्टीपुढच्या चार हजारांवर स्त्रियांना सात-आठ वर्षं कॅल्शियम आणि ‘ड’च्या रोज ४०० युनिटांच्या गोळ्या किंवा नुसत्याच खोट्या गोळ्या देऊन पाहिलं. २०१२ साली निकाल आला: स्मृतिभ्रंशाच्या प्रमाणात फरक नाही. कमतरता भरून काढायचीच, पण ती हाडांसाठी. विसरणं वाढलं तर थायरॉइड आणि बी-१२ही तपासून घ्या. सासूबाई माळकरी, त्यांचं बी-१२ही कमीच होतं. त्याची इंजेक्शनं आता चालू आहेत.

आणि सकाळी सातचं कोवळं ऊन ‘ड’साठी फारसं उपयोगी नाही बरं का. अकराच्या सुमाराचं हवं, हातपाय उघडे ठेवून, थोडाच वेळ. सासूबाई आता मेथीची जुडी घेऊन त्या वेळी खाली बागेत बसतात. औषधं माझ्या कपाटात असतात. परवा निवडलेली मेथी बाकावरच विसरून आल्या, पण अर्ध्या जिन्यातून स्वतःच परत फिरल्या.